कॅसिनोत नोकरी, गळ्यात तुळशीची माळ

प्रश्न थोडक्यात असा आहे:

"बुवा, मी डिचोली तालुक्यातला. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर पत्त्यांच्या टेबलावर डीलर आहे. आजोबा वारकरी होते. ते गेल्यावर मी माळ घातली. पण रात्रपाळी सुटली की मित्र पार्टीला ओढतात, टिपचे पैसे खिशात असतात, मोबाइलवर काय नाही ते दिसते. एकदा माळ काढून खिशात ठेवली आणि त्यांच्यात बसलो. तेव्हापासून हरिपाठ म्हणायची लाज वाटते, म्हणून सोडलाच आहे. ही नोकरी सोडू का? देव मला आता जवळ करील का? आणि अशा ठिकाणी राहून देवाशी इमान राखायचे तरी कसे?"

नातवाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तीन प्रश्न विचारलेस. मी मधला आधी घेतो, कारण तो मनात अडकून राहिला तर बाकीचे कितीही सांगितले तरी तुझ्या कानात शिरणार नाही.

माळ खिशात ठेवून बसलास, ही चूक झाली. मग हरिपाठ सोडलास, ही त्याहून मोठी झाली. भजन शिकायला येणाऱ्या पोरांत मी वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहे. एका रात्री घसरला म्हणून कुणी देवापासून तुटला नाही. घसरल्यावर "आता कुठल्या तोंडाने जाऊ" म्हणत आठ दिवस आला नाही, मग महिना गेला, मग चतुर्थीनंतर बघू, मग दिवाळीनंतर, असे करत जो लांबला तो तुटला. त्याला वाटत असते की आपल्याला पश्चात्ताप झाला आहे. पश्चात्ताप झालेला माणूस पुन्हा टाळ हातात घेतो. हा नुसता तोंड चुकवत असतो, आणि तोंड चुकवायची सवय लागली की देवाच्या आधी भजनातली माणसे सुटतात, मग घरातला देव्हारा, मग एक दिवस माळ खुंटीला लागते.

तेव्हा ज्यांच्या हातून माळ घातलीस त्यांच्याकडे जा. काय झाले ते आडपडदा न ठेवता सांग, माळ त्यांच्या पायांशी ठेव आणि त्यांच्याच हातून पुन्हा घालून घे. ते हयात नसतील तर आजोबांच्या बरोबरीचा एखादा जुना माळकरी गावात असेलच. तो दोन शब्द बोलेल, ते ऐकून घे. एखादी एकादशी कडक करायला सांगेल, ती कर. आणि त्याच दिवशी हरिपाठ सुरू कर, दुसऱ्या दिवशीपासून नव्हे. देव जवळ करील का, हा प्रश्न मला विचारण्यासारखा नाहीच. अट्टल माणसांनाही त्याने जवळ केल्याच्या कथा आपण कीर्तनात निम्मी रात्र जागून ऐकतो, आणि आपली पाळी आली की आपलेच पाप तेवढे जगावेगळे वाटते. तेही अहंकारातच मोडते, हे लक्षात असू दे.

आता नोकरी.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. झाडाखाली वेदपठण करत बसला असताना वरून बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिले आणि ती मरून पडली. तपाचा असा प्रताप! पुढे भिक्षेला एका घरी गेला तर घरची बाई नवऱ्याला जेवायला वाढत होती, म्हणून उशीर झाला. हा तिच्यावरही डोळे वटारू लागला. ती म्हणाली, मी काही ती बगळी नव्हे. आणि तिने त्याला धर्म शिकायला मिथिलेला पाठवले. कुणाकडे? एका खाटकाकडे. दुकानात मांस विकत बसलेल्या धर्मव्याधाकडे. आपल्या तुकोबांनीही देव कुणाकुणाच्या कामाला हात लावतो हे सांगताना सजन कसायाचे नाव घेतले आहे. तेव्हा धंदा हलका म्हणून माणूस देवाला परका होतो, असे आपली परंपरा मानत नाही.

पण ही गोष्ट सोयीपुरती ऐकू नकोस. त्या व्याधाने कौशिकाला काय सांगितले? हा धंदा वाडवडिलांकडून आला आहे, मारलेले जनावर मी विकतो, स्वतः मारत नाही, आणि मांस मी खात नाही. ज्याच्यात तो दिवसभर बसला होता ते त्याने तोंडाला लावले नाही. तुझी परीक्षा इथे आहे. पत्ते वाटणारा हात जुगार खेळत नसेल, दारूचे ग्लास फिरतात तिथे उभा राहून तू कोरडा उतरत असशील, तर तुझे पोट आणि तुझी माळ एकत्र राहू शकतात. माळ खिशात गेली ती टेबलावर असताना नव्हे, पाळी सुटल्यावर. नोकरीवर सगळे ढकलण्याआधी हे बघ.

तरी माझे मत विचारशील तर आयुष्य काढावे असे ते ठिकाण नाही. व्याध मांस विकत होता, घेणाऱ्याच्या हातात काहीतरी जात होते. तुझ्या टेबलावर येणारा बहुधा काहीतरी घालवून उठतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या बायकोपोरांचे असते. सरकारलाही हे कळते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकराला कॅसिनोच्या खेळाच्या जागी जायला बंदी आहे, मात्र तिथे कामाला असलेल्यांना मुभा. म्हणजे आपल्या पोराने तिथे हरायचे नाही, दुसऱ्याच्या पोराला हरताना उभे राहून बघायचे. यावर मी जास्त बोलत नाही, बोललो तर उत्तर भलतीकडे जाईल. तू स्वतःला एवढेच विचारत राहा: हरणाऱ्याला आणखी बसवण्यासाठी माझे तोंड वापरले जाते आहे का? पत्ते वाटणे वेगळे आणि "साहेब, आणखी एक हात खेळा" म्हणणे वेगळे. दुसरे करायला लावतील त्या दिवशी तुझा निर्णय झालेला असू दे.

उद्याच राजीनामा देऊ नकोस, असे मात्र मी ठामपणे सांगतो. बांद्याच्या संत सोहिरोबानाथांनी कुळकर्णीपण सोडले आणि अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही. दोघेही पोहोचले. आपण या दोघांपैकी कुणाच्या वाटेचे, हे भावनेच्या भरात ठरवायचे नसते. मन खचलेले असताना सोडलेली नोकरी वैराग्य म्हणून टिकत नाही. घरी हप्ते थकतात, आई बोलते, भाऊ बोलतो आणि चार महिन्यांनी माणूस देवालाच दोष देऊ लागतो. दुसरे काम शोध. हॉटेलच्या हिशेबात, विमानतळावर, कुठेही. मिळाले की ऊठ. मिळेपर्यंत जिथे आहेस तिथे नीट राहायला शीक.

नोकरी सुटली म्हणजे मोह सुटला असे होत नाही, याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. खाणी जोरात होत्या ते दिवस तुला लहानपणचे थोडेफार आठवत असतील. चीनकडून खनिजाला मागणी वाढली आणि डिचोली-सत्तरीत घरटी ट्रक आले. बँका कर्ज द्यायला दारात. आमच्याकडे तेव्हा भजनी सप्ताहाची वर्गणी वाढली आणि माणसे कमी झाली. पहाऱ्याला, म्हणजे भजनाच्या पाळीला, टाळ धरायला चौघे मिळायचे नाहीत, पण चौघांच्या नावाची पाकिटे वेळेवर यायची. मंडप मोठा, लाऊडस्पीकर मोठा, आत पखवाजवाला आणि मी! मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि मध्ये थोड्या सुरू झालेल्या खाणी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्यावर पुन्हा बसल्या. आता सगळ्यांना वेळच वेळ होता. आले का सगळे भजनाला? काही आले, देवाची कृपा. पण बरेच जण बारवर दिसू लागले. पैसा होता तेव्हा पैशाने नेले, पैसा गेल्यावर काळजीने नेले. पेडण्यात आता जमिनीच्या पैशाचे तसेच चालले आहे, मोपाचा विमानतळ झाल्यापासून तर विचारूच नकोस.

त्या सगळ्या उलथापालथीत एक ट्रकवाला जसाच्या तसा राहिला, त्याचे सांगतो. नाव नको. तो काही मोठा भक्त म्हणून गावात ओळखला जात नव्हता. गळाही बेसूर. त्याचा नेम एकच: खनिजाचा ट्रक नदीवरच्या जेटीला लागला की रिकामा व्हायला रांग असायची, पुढे वीस-पंचवीस गाड्या. बाकीचे ड्रायव्हर उतरून पत्ते कुटायचे, कुणी शिव्या घालत हॉर्न वाजवायचे. हा काच वर करून, लाल धुळीने माखलेल्या डॅशबोर्डवर हरिपाठाचे छोटे पुस्तक उघडून, जिथे थांबला होता तिथून पुढे म्हणायचा. रांग सरकली की पुस्तकात बसचे तिकीट घालून मिटायचा. ट्रक विकला गेला तेव्हा त्याने ते पुस्तक तेवढे काढून घेतले. आता तो दुसऱ्याची रिक्षा चालवतो आणि स्टँडवर तेच करतो. त्याला कुणी विचारले तर म्हणतो, वेळ जात नाही म्हणून वाचतो.

मला तुझ्यासाठी एवढेच म्हणायचे आहे, बाकी सगळे याच्या भोवतीचे आहे: नेम लहान ठेव आणि तो मोडू देऊ नकोस. तरुण पोरे उलटे करतात. माळ घातली की पहिल्या महिन्यात काकडा, पारायण, हरिपाठ, जप, सगळे एकदम. उत्साह असतो तोवर ठीक. एकदा ताप आला, एकदा डबल पाळी लागली की सगळे एकदम कोसळते, आणि मग काहीच उरत नाही. सबंध हरिपाठ म्हणायला अर्धा तास लागतो. जमेल त्या दिवशी जरूर म्हण. पण नेम म्हणून स्वतःला बांधून घे तो फक्त एका अभंगाला. तापात म्हणता येतो, बसमध्ये म्हणता येतो, आणि ज्या रात्री पुन्हा पाय घसरला असेल (तसे न होवो) त्या रात्रीही म्हणता येतो. मुख्य म्हणजे त्या रात्री म्हणायचाच. देवाला तोंड दाखवायला लायक झाल्यावर मग म्हणू, असे केलेस तर तो दिवस येणार नाही.

वेळेचा घोळही काढून टाक. पहाटे चार-साडेचारला सुटून घरी येऊन झोपतोस, उठतोस बाराला, आणि मग मनाला खात बसतोस की सकाळची पूजा गेली, सूर्योदय गेला, आता काय अर्थ आहे. तुझी सकाळ बाराला होते तर तीच तुझी काकड्याची वेळ. आंघोळ कर, देव्हाऱ्यापुढे उभा राहा, आणि फोन हातात घेण्याच्या आधी अभंग म्हण. फोन आधी घेतलास तर अभंग होत नाही, हे मी पैजेवर सांगतो. एकादशीचेही तसेच. रात्रपाळीत जहाजावर जेवण समोर येणार, तेव्हा घरून शेंगदाणे, केळी, शिजवलेली रताळी घेऊन जा. नुसता उपाशी राहिलास तर रात्री दोनला चिडशील, आणि चिडका उपास कुणाच्याच कामाचा नाही.

आता पार्टीकडे येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ हे दोन श्लोक आहेत, त्यांत माणूस कसा घसरतो याचा क्रम दिला आहे. विषयाचे चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की राग, रागातून भ्रम, मग स्मरण जाते, बुद्धी जाते आणि माणूस जातो. कृष्णाने सुरुवात कुठून केली बघ. बाटलीपासून केली नाही, चिंतनापासून केली. तुझ्या रात्रीला हे लावून बघ. चार वाजता जेटीवर मित्रांनी हात धरला तेव्हा तू हरलास असे तुला वाटते. त्याच्या पुष्कळ आधी, दोनच्या सुमारास ब्रेकमध्ये "आज सुटल्यावर कुठे?" अशी कुजबुज सुरू झाली आणि तू त्यात उभा राहून हसलास, तेव्हाच ते ठरले होते. चार वाजता दमलेला, झोपमोड झालेला, खिशात पैसे असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. मीही म्हणू शकलो नसतो. म्हणून नाही म्हणायचे ते दोनला. तेही उपदेश करून नको. "आज घरी आईला सांगितले आहे" एवढे पुरते, आणि ते खोटे होऊ नये म्हणून निघताना आईला खरेच सांगून ठेव की सुटल्यावर थेट येतो, दार उघड. आई जागी आहे हे माहीत असले की माणूस जुने गोवे, बाणस्तारी, आमोणे करत सरळ घरी येतो. शक्य असल्यास तुझ्याच वाटेच्या एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवत जा. एकट्याची दुचाकी कुठेही वळते.

टिपचे पैसे खिशात मुरू देऊ नकोस. घरी आल्या आल्या देव्हाऱ्याच्या फळीवर ठेव आणि आईच्या हातात जाऊ दे. तिला खर्चाला, कर्जाला, जे काय असेल त्याला. त्यातला मोठा भाग देवळाला देऊन टाकून मन हलके करण्याच्या भानगडीत पडू नकोस. आपल्याकडे देवळात संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे कोरायची पद्धत आहे. त्या पाट्या वाचताना मला कधी कधी वाटते, किती जणांनी देवाला हप्ता बांधून दिला आहे! घर आधी, कर्ज आधी, मग जे सुचेल ते, पाटीशिवाय.

मोबाइलवरचा जुगार हा वेगळा राक्षस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तरी गावातले मटक्याचे आकडे कायद्याने कधी थांबले नव्हते, तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसू नकोस. शेवटी कॅसिनोच कसा जिंकतो हे तर तू रोज डोळ्यांनी बघतोस. जुगाराला भुलायचा अधिकार सगळ्या गोव्यात सर्वांत कमी कुणाला असेल तर तुला.

मासळीबद्दल तू काही विचारले नाहीस, पण गोव्यातल्या माळकऱ्याला दारूपेक्षा मासळीच जास्त छळते हे मला ठाऊक आहे. सोमवारचे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, आपण हसत खातो, कारण मंगळवार येणार असतो. कायमचे शिवराक हे प्रकरण वेगळे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तोवर बरे चालते. मग नारळी पौर्णिमा होते, बाजारात ताजे बांगडे येतात, दुपारी घरोघर तव्यावर रवा लावून तुकड्या पडतात, आणि पाच-दहा वर्षे माळ घातलेला माणूसही वरणभाताच्या ताटावर गप्प होतो. गीतेनेच म्हटले आहे की उपाशी राहिलेल्याचे विषय सुटतात पण गोडी आत राहते, आणि ती जाते त्याहून श्रेष्ठ असे काही पाहिल्यावर. त्यामुळे वास आला, तोंडाला पाणी सुटले, तर आपली माळ खोटी असे समजू नकोस. गोडी आहे, खाल्ले नाही, आजच्यापुरते एवढे पुरे. ती हळूहळू मागे पडते, कधी पडली हे कळतही नाही. फक्त एक कर: घरच्यांना आपल्या व्रताचा जाच करू नकोस. "माझ्या ताटाशेजारी ते ठेवू नका" म्हणून आईवर ओरडणारे माळकरी मी पाहिले आहेत. तिने दोन वेगळी भांडी घासायची, दोन स्वयंपाक करायचे, वर बोलणी खायची, आणि पुण्य याचे! आपले ताट आपण वाढून घ्यावे, आपले भांडे आपण घासावे.

एकट्याने हे जमत नाही, हे आता सांगतो. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रत धरणारे भक्त, तू लहानपणापासून बघितले असशील. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधीचे व्रताचे दिवस ते कसे काढतात? घरात दार लावून नव्हे. एकत्र राहतात, एकत्र आंघोळीला जातात, एकत्र रांधून खातात, आणि मग हातात वेत घेऊन निखाऱ्यांवरून जातात. त्यांतले कितीतरी जण एरवी पिणारे-खाणारे असतात, पण त्या दिवसांत थेंब घेत नाहीत. दरवर्षी हे घडते, म्हणजे माणसात ताकद नसते असे नाही. बरोबर कुणीतरी लागते. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही तेच. कार्निव्हल उरकला की त्यांचे ईस्टरआधीचे चाळीस दिवस लागतात. शेजारचा म्हातारा एरवी उर्राक, म्हणजे काजूची दारू, सोडत नाही, पण त्या दिवसांत बायको, मुलगा, सून सगळेच पाळतात म्हणून तोही पाळतो. उर्राकचा हंगाम नेमका तेव्हाच असतो, हा देवाचा विनोद म्हणायचा.

म्हणून गावातल्या भजनी मंडळात जा, पण मागे बसून टाळ वाजवायला नको. टाळवाला आला नाही तर कुणाला कळत नाही. पखवाज शीक. पखवाजवाला आला नाही तर भजन उभे राहत नाही, आणि चार माणसे तुझ्या दारात येऊन "अरे, कुठे आहेस?" म्हणून हाक मारतात. तुला ती हाक हवी आहे. हाताला चाट, थाप बसेपर्यंत सहा महिने बोटे दुखतील, तेही चांगलेच. आठवड्यातला सुटीचा वार भजनाच्या वाराला जुळवून घेता आला तर बघ. नाहीच जुळला तर महिन्यातून दोनदा तरी.

आणि इथे एक सावधगिरी, कारण ही गोष्ट तुला दुसरे कुणी सांगणार नाही. भजनातही मोह आहे, आणि तो कॅसिनोतल्याहून चिवट आहे. कॅसिनोच्या दिव्यांवर निदान लिहिलेले असते की हा जुगार आहे. भजनाच्या स्पर्धा लागतात, कला अकादमीच्या स्पर्धेपर्यंत पोचायची ईर्ष्या लागते, गवळणीला टाळी पडते. स्पर्धांनी गोव्याचे भजन टिकवले, सुधारले, नवी पोरे आणली, हे मी मान्य करतो, मीही पोरांना बसवून त्यात उतरवतो. पण परीक्षकाकडे डोळा ठेवून म्हटलेला अभंग आणि विठोबापुढे म्हटलेला अभंग यांत गाणाऱ्याला फरक कळतो, ऐकणाऱ्याला कळो न कळो. "बुवा" म्हणून चार जण पाया पडू लागले की मग तर बघायलाच नको. दारू सोडलेली, मासळी सोडलेली, बाई-बाटलीपासून शंभर हात दूर असलेली माणसे मानाच्या नारळासाठी वर्ष-वर्ष एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी कितीतरी देवळांत पाहिले आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात देवळात अखंड चोवीस तास भजन चालते आणि बाहेर रस्त्यावर फेरी भरलेली असते, खाज्यांपासून कपड्यांपर्यंत. लोक म्हणतात, आत देव आणि बाहेर बाजार. इतके सोपे असते तर! बाजार आत बसलेल्याच्या डोक्यातही भरतो, आणि बाहेर खाजे विकणारी बाई कधी कधी आतल्या अभंगाच्या तालावर मान डोलावत असते.

शेवटी माळेचे. कामावर गळ्यात दिसू नये म्हणून कॉलरच्या आत घालतोस, असे तुझ्या लिहिण्यावरून वाटले. गणवेशाचा नियम असेल तर आत असू दे, त्यात काही बिघडत नाही. छातीला लागते आहे ना? सोळाव्या शतकात आपल्या लोकांनीही देव लपवले होते. तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा रातोरात मूर्ती नदीपार अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, नि आपल्या डिचोलीकडे आणल्या. दिवाडीचा सप्तकोटेश्वर असाच नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ पुन्हा उभारले. त्यांनी लपवला तो देव हातचा जाऊ नये म्हणून. तू खिशात लपवलास तो त्या रात्री देवाची अडचण होऊ नये म्हणून. आतमध्ये घातलेली माळ आणि काढून ठेवलेली माळ यांत हे अंतर आहे. कुठल्याही कारणाने काढायची वेळ येतेय असे वाटले, की माळेला हात लावण्याआधी तिथून उठायचे, बिल कुणी भरायचे ते भरू दे.

आषाढीच्या रजेचा अर्ज आताच देऊन ठेव. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात, वरिष्ठ फारसे कुरकुरणार नाहीत. सगळी वारी पायी जमणार नसेल तर शेवटचे तीन-चार मुक्काम तरी दिंडीबरोबर चाल. आपल्या भागातून दिंड्या जातात, त्यांतल्या कुणाला विचारलेस तर कुठे येऊन मिळायचे ते सांगतील. दोन जोडी कपडे, प्लास्टिकचा कागद आणि पायाला लावायला खोबरेल घे. आजोबांचे टाळ घरात असतील, तेही घे.